दादांना कुठे टाकायचं?

"मला कुठे टाकलंस, उजू?"

दादा दारातूनच विचारत होते. सकाळपासून त्यांची ही कितवी खेप, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. माझ्या केबिनमध्ये आल्यागेल्यासाठी एकच खुर्ची होती. तिच्या कडेवर ते टेकायचे, लगेच उठायचे, भिंतीवरचं सरळ असलेलं कॅलेंडर आणखी सरळ करायचे आणि पुन्हा टेकायचे.

"अजून कुठेच नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, तिथे टाकते."

"माझं काय एवढं. आधी सगळ्यांचं कर," असं म्हणून ते उठून गेले आणि अर्ध्या तासाने पुन्हा दारात उभे राहिले.

दादा म्हणजे निरंजन क्षेमकल्याणी. आमच्या कंपनीचे मालक. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतचे. आमची कंपनी नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढे, ट्रॅक्टरच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर होती आणि तिचं नाव होतं 'मांडव'. द्राक्षबागाईतदारांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. कुठल्या बागेत कुठली फवारणी केव्हा झाली, तो माल कुठल्या कंटेनरमध्ये गेला, हे सगळं त्यात नोंदलेलं असायचं, म्हणजे परदेशात माल अडकला तर कुणाच्या बागेतला ते लगेच सांगता यायचं. हे सगळं दादांच्या डोक्यातून निघालेलं. सुरुवातीचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतः विकलं, आणि बंद पडलं की मोटारसायकलला किक मारून दिंडोरीला जाऊन स्वतः सुरूही करून दिलं. मी तिथे हिशेब बघायला म्हणून लागले होते. पुढे माणसं वाढली, त्यांच्या रजा आणि रुसवेफुगवे कुणीतरी बघायला हवेत म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि एक दिवस मी एचआर झाले. मला कुणी नेमलं नाही. आमच्याकडे कुणालाच कुणी कशावर नेमत नसे. दादांचा एकच नियम होता, ज्यानं फोन उचलला त्याचं काम. शेतकऱ्याचा फोन तुम्ही उचललात की त्याची अडचण सुटेपर्यंत ती तुमची, मग तुम्ही प्रोग्रामर असा नाहीतर माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्या.

मग बंगळूरच्या एका गुंतवणूकदाराने कंपनीत पैसा घातला आणि पैशाबरोबर त्याच्या अटीही आल्या. मुख्याधिकारी बाहेरचा हवा. आणि प्रत्येक माणसाला एक विभाग, एक काम, एक वरिष्ठ. अपवाद चालणार नाही. पहिली अट दादांनी हसत मान्य केली. ती खुर्ची आपल्याला टोचतच होती, असं ते म्हणाले. चारुशीला वैरागडे नावाच्या बाई मुख्याधिकारी म्हणून आल्या, मूळच्या नागपूरच्या, पण उभं आयुष्य बंगळूरला काढलेल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी आपल्या केबिनचं दार लावून घेतलं. आमच्या ऑफिसात दारं लावायची पद्धत नव्हती, त्यामुळे त्या मला पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. दादा त्यांच्याशी अगदी अदबीने वागायचे, आणि दादा अदबीने वागले की समजावं, मन जुळलेलं नाही.

दुसरी अट माझ्या गळ्यात आली. कोण कुठल्या विभागात, त्याच्या पदाचं नाव काय, हे सगळं मी एका नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं होतं. मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंतची. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मजा आली. सगळे आपापल्या नव्या नावांवर खूश होते. फोन उचलण्याचं नाव 'कस्टमर सक्सेस' झालं. आमचा दौलत बोरस्ते, जो पिंपळगावच्या बागाईतदारांना घरच्यासारखा धरून सॉफ्टवेअर विकायचा, तो 'व्हाइस प्रेसिडेंट, सेल्स' झाला. ही बातमी गावी पोचली तेव्हा त्याच्या चुलत्यांनी विचारलं म्हणे, मग प्रेसिडेंट कोण आहे, आपल्यातलाच आहे का. दौलतच्या लग्नाचं चाललं होतं, त्यामुळे त्याने ते पद बायोडेटावर जाड अक्षरात घालून घेतलं. सगळ्यांचे रकाने भरत गेले. दादांचा तेवढा रिकामा राहिला.

"इंजिनिअरिंगमध्ये विचारून बघ," गुरुवारी दुपारी दादा मला म्हणाले. "पण मी विचारायला सांगितलंय असं म्हणू नकोस. तुझं तूच विचारतेयस असं दाखव."

मी तन्वीरकडे गेले. तन्वीर शेख आमचा इंजिनिअरिंगचा प्रमुख. कॉलेजात असतानाच दादांनी त्याला उचलून आणलं होतं. तेव्हा त्याला मिशाही धड फुटलेल्या नव्हत्या. दादांनी त्याला शिकवलं, चुका काढल्या, त्याच्यावर ओरडले आणि आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. मी त्याला विचारलं तर त्याने हातातला पेन खाली ठेवला.

"ताई, दादा माझ्या हाताखाली?" तो म्हणाला. "त्यांनी लिहिलेलं मी तपासायचं? हे चुकलंय, परत करा, असं त्यांना मी म्हणायचं? माझ्याच्याने होणार नाही. आणि त्यांनी कोड लिहून किती वर्षं झाली, तुम्हाला माहितीये. मी म्हणालो असं सांगू नका त्यांना, प्लीज."

दौलतकडे गेले. तो जास्त मोकळा होता. दादांना बागाईतदारांसमोर नेलं की ते नसलेल्या गोष्टी कबूल करून येतात, असं त्याचं म्हणणं. समोरच्याने नुसतं विचारलं की हेही होतं का तुमच्यात, की दादा म्हणणार, होईल ना, सोमवारपर्यंत देतो. मग तो सोमवार दौलतच्या बोकांडी बसायचा. "देवमाणूस आहेत ओ," तो म्हणाला, "पण देव सेल्सला नको." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसून, मग जरा ओशाळून, त्याने मला चहा पाजला.

प्रॉडक्टची प्रमुख गार्गी निकम. तिने मला आपल्या कॉम्प्युटरवर पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा उघडून दाखवला, सुबक, रंगीत. दादा सकाळी दाढी करताना काहीतरी सुचून येतात आणि आल्या आल्या हे सगळं बदलायला सांगतात, असं म्हणाली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तिच्या बाबांच्या आजारपणात दादा रोज दवाखान्यात जाऊन बसायचे. "पण ताई, ते वेगळं आणि हे वेगळं," ती म्हणाली.

काय सांगायचं दादांना? तिघांनाही दादा हवे होते, फक्त आपल्या विभागात नको होते. आणि मला राग यावा असं तिघांपैकी कुणी काही खोटंही बोललं नव्हतं. रात्री घरी भाकऱ्या थापतानाही माझ्या डोक्यात तेच. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालंय, तर मी उगाच त्यांच्यावर डाफरले.

शुक्रवारी मी दादांना म्हटलं, अजून कुणाशी नीट बोलणं झालं नाही. ते ऐकून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली शोरूमवाले नवा ट्रॅक्टर धुवत होते. 

"तन्वीर नाही म्हणाला ना?"

"नाही म्हणजे... तुम्हाला चूक कशी दाखवायची, असं म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं. दौलत?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले. दादा हसले. "गार्गीचं विचारत नाही," ते म्हणाले. "तिचा आराखडा मीच तीनदा मोडलाय."

मी त्यांना सुचवलं, सल्लागार असं पद घालते. मोठ्या कंपन्यांत असतं तसं, मानाचं, कुठल्याच विभागाच्या वर.

"सल्लागार म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही तो," दादा म्हणाले. "माझे सासरे आमच्या गल्लीतल्या पतपेढीत सल्लागार होते. त्यांना दिवाळीला मिठाईचा पुडा यायचा. बाकी कधी कुणी दार वाजवलं नाही."

"मग तात्पुरतं प्रशासनात टाकू? पुढे बदलता येईल."

"तात्पुरतं टाकलेलं कायमचं होतं, उजू. राहू दे रिकामं. दोन दिवस विचार करतो आणि सोमवारी सांगतो."

मी म्हटलं, मुदत आज संध्याकाळची आहे. ते म्हणाले, एका माणसाच्या रकान्याने कुणाचं अडत नाही. आणि मग जाता जाता दाराशी थबकून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अकरा वर्षं मी इथे काय करत होतो, हे एका ओळीत सांगता येत नाही म्हणजे बघ. शाळेत निबंध लिहायचो तेव्हाही माझं हेच व्हायचं."

संध्याकाळी मी सगळं भरून बंद केलं. एक रकाना रिकामा ठेवून घरी गेले, आणि शनिवारी घर झाडताना, बाजारात मेथी निवडून घेताना, तो रिकामा रकाना माझ्यापुढे येतच राहिला. चाळीस-एक माणसांची सोय लावली आणि ज्याने आम्हाला आणलं त्याचीच लावता येईना, याची मला लाज वाटत होती आणि चीडही येत होती. कुणाची, ते नक्की सांगता येणार नाही.

रविवारी दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा दादांचा फोन आला. आवाज वेगळाच होता, सुट्टी लागलेल्या पोरासारखा.

"ठरलं," ते म्हणाले. "मला टेस्टिंगमध्ये टाक."

टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून बघून चुका शोधायच्या. आमच्याकडे सगळ्यात नवी मुलं ते करायची. तो विभाग तन्वीरच्या हाताखाली येत होता.

"दादा, तिथे वरचं पदच नाही."

"वरचं कोण मागतंय? खालचंच घाल. तन्वीरला मला चूक दाखवायला नको, असं आहे ना त्याचं? मग मी त्याच्या चुका दाखवेन. त्याला वाईट वाटणार नाही. ते मी पूर्वीपासून करतोच आहे." मग म्हणाले, "सकाळी आधी मी त्याच्याशी बोलतो. त्याला अवघडल्यासारखं होईल, पण मी समजावीन. सकाळी दहापर्यंत ये. आधी त्याच्याकडे जाऊन मग तुझ्याकडे येतो."

वहिनी मागून काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक त्यांना हे पटलेलं नव्हतं. दादा फोन झाकून त्यांना म्हणाले, अगं, मी तिथे असलो म्हणजे झालं. ते मला ऐकू आलं. त्या रात्री मला बरी झोप लागली.

सोमवारी मी दहाच्या आत पोचले. जिन्यातच गार्गी भेटली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिने माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, दादांना शाल कुठल्या रंगाची आवडेल?"

"कसली शाल?"

"मेल नाही बघितली तुम्ही?"

मी तशीच वर धावले आणि लॅपटॉप उघडला. सकाळी आठ वाजता कंपनीतल्या सगळ्यांना एक मेल गेली होती. पाठवणारी मी होते. निदान खाली नाव माझं होतं. निरंजन क्षेमकल्याणी यांचा आज कंपनीतला शेवटचा दिवस आहे, त्यांच्या योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत, त्यांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा द्या. छान इंग्रजीत, कुठेही व्याकरणाची चूक नाही. खाली हिरवं पान आणि एक हसरा चेहरा.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी शांतपणे म्हणाला की मुदतीनंतर ज्याला विभाग नाही तो माणूस कंपनी सोडून गेला असं धरलं जातं, ही सोय आधीपासून चालूच असते, बंद करून हवी असेल तर तसं सांगायला हवं होतं. ही सोय आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, मॅडम, दुरुस्तीची मेल पाठवा, दोन मिनिटांचं काम आहे. मी ती लगेच लिहायला घेतली आणि लिहून होताच, पाठवायच्या आधी दादांना सांगावं म्हणून त्यांच्याकडे धावले.

दादा त्यांच्या टेबलाशी बसले होते. अंगात नवा, इस्त्रीचा शर्ट. पहिल्या दिवसाला घालतात तसा. समोर कॉम्प्युटर, आणि ते वाचत होते.

"दादा, हे त्या सॉफ्टवेअरचं..."

"कळलं मला. रिकामा रकाना म्हणजे गेलेला माणूस. मी लिहिलं असतं तरी कदाचित असंच लिहिलं असतं." त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "बस. ऐक हे."

आणि त्यांनी मला वाचून दाखवायला सुरुवात केली. सगळ्यांची उत्तरं आली होती. गार्गीने बाबांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं. दौलतने लिहिलं होतं की दादा नसते तर तो चुलत्यांच्या बागेत कात्री घेऊन फांद्या छाटत राहिला असता. तन्वीरचं सगळ्यात लांब होतं. त्याचे अब्बा त्याला दुकानात बसवणार होते तेव्हा दादा घरी येऊन त्यांना म्हणाले होते, मला सहा महिने पोरगा द्या, नाही जमलं तर मी स्वतः दुकानात आणून बसवतो. ती ओळ दादांनी दोनदा वाचली. मला रडू आलं. त्या पत्रांत एकही शब्द वरवरचा नव्हता.

"किती चांगली आहेत गं सगळी," दादा म्हणाले. मग ते माउसने ती पत्रं वरखाली करू लागले, पुन्हा पुन्हा, काहीतरी शोधत असल्यासारखे. उठले, खिडकीशी गेले, परत येऊन पुन्हा तेच.

"काय बघताय?"

"यात कुणीतरी विचारलं असेल ना, असं अचानक का म्हणून? माझ्या नजरेतून सुटलं असेल. तू बघ."

मी बघितलं. वरपासून खालपर्यंत. सगळे आभार मानत होते, शुभेच्छा देत होते, आठवणी काढत होते. खरं आहे का, असं कुणीही विचारलेलं नव्हतं. बाहेर सगळे आपापल्या जागी होते, तन्वीरची खुर्ची दादांच्या दारापासून दहा पावलांवर. तिथूनही कुणी उठून आलं नव्हतं.

"मी आले ना विचारायला," मी म्हटलं.

"तू चूक दुरुस्त करायला आलीस, उजू," दादा म्हणाले. ते रागावून म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच मला ते फार लागलं.

मी म्हटलं, दुरुस्तीची मेल तयार आहे, पाठवते, दोन मिनिटांत सगळं पूर्वीसारखं होईल. त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. वैरागडे मॅडम. त्या आठवड्यात त्या बंगळूरला गुंतवणूकदारांकडे गेल्या होत्या. दादांनी फोन उचलला आणि, का कोण जाणे, मलाही ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"सर, मी एअरपोर्टवर आहे, मेल आत्ता पाहून राहिले," त्यांचा आवाज आला. मागे विमानांच्या घोषणा चालू होत्या. "हे तुम्ही ठरवलंय का?"

दादांनी माउस बाजूला सारला.

"तुम्ही ठरवलं असेल तर मी मधे येणार नाही. पण मला वाटून राहिलं, हे कुणी दुसऱ्यानं ठरवलंय. तसं असेल तर मला सांगा. गुंतवणूकदारांकडचं कुणी असेल तर मी इथूनच परत फिरते आणि त्यांच्याशी बोलून येते. तुमच्यासाठी कुठला विभाग, ते मला पण सुचलेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला न विचारता असं जायला लावलेलं मला चालणार नाही."

मी दादांकडे बघत होते. तीन आठवडे या बाईंशी ते सर आणि मॅडमच्या पलीकडे बोलले नव्हते. चहालाही एकदाच बसले होते, तेही उठून जायच्या घाईत. आता ते त्या फोनकडे असे बघत होते की जणू समोर माणूसच बसलं आहे. सकाळपासून त्यांची जी चुळबुळ चालली होती, ती पहिल्यांदा थांबली. ते खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"मीच ठरवलंय, मॅडम," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. तुम्ही विमान चुकवू नका."

त्या म्हणाल्या, "संध्याकाळी मी पोचते. मी आल्याशिवाय जाऊ नका." आणि फोन ठेवला.

"दादा, हे काय केलंत तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच. "मेल मी आत्ता पाठवते. तुमचं ठरलंय ना? टेस्टिंगमध्ये..."

"ती मेल पुसून टाक," दादा म्हणाले. "मी जात नव्हतो तो भीतीने. मी गेलो तर इथे कुणी कुणाला विचारणारं उरणार नाही असं मला वाटायचं. नुसते रकाने राहतील, असं. आता तसं वाटत नाही. ती बाई विचारते गं."

"आणि हे सगळे? त्यांनी नाही विचारलं, त्याचं काही नाही वाटत तुम्हाला?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "खूप वाटतंय." त्यांनी चष्मा काढून नव्या शर्टाच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिले.

संध्याकाळी पाच वाजता निरोपसमारंभ झाला. केक आला, समोसे आले, मोरपंखी शाल आली, नारळ आला. मॅडम विमानतळावरून थेट तिथे आल्या आणि मागच्या बाजूला भिंतीशी उभ्या राहिल्या. दौलतने दादांच्या नकला करून सगळ्यांना हसवलं. दादाही खळखळून हसले. शाल तन्वीरने घातली. तो वाकून पाया पडला, दादांनी त्याला उचलून छातीशी धरलं, आणि तेव्हा तो पोरगा जो रडायला लागला तो थांबेना. मग तसाच रडत सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, इथे तुमची जागा कायम आहे. केव्हाही या. माझ्याशेजारी बसा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते.

खाली त्यांना सोडायला मी गेले. वहिनी गाडी घेऊन आल्या होत्या. नारळ मांडीवर ठेवून दादा बसले आणि काच खाली करून मला जवळ बोलावलं.

"ते टेस्टिंगचं तन्वीरला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी त्याच्या हाताखाली यायला निघालो होतो, हे त्याला कळता कामा नये. आता कळलं तर तो रात्रभर तळमळत बसेल आणि सकाळी मला न्यायला घरी येईल. तो येईलच. मग मला नाही म्हणवणार नाही."

मी हो म्हटलं.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दादा कंपनी सोडून गेल्यावर काही कोसळलं नाही, उलट कंपनी वाढली. वैरागडे मॅडमनी ती चांगली चालवली, माणसांना विचारून चालवली, आणि जाताना आपली खुर्ची तन्वीरला दिली. दर वर्षी नवीन मुलं लागतात तेव्हा तन्वीर त्यांच्यासमोर उभा राहून दादांबद्दल बोलतो. मनापासून बोलतो. शेवटी तो त्यांना सांगतो की दादांना मी म्हटलं होतं, माझ्याशेजारी तुमची जागा कायम आहे, पण आमचे दादा कसले मानी, ते परत आलेच नाहीत. मुलं टाळ्या वाजवतात. मी पहिल्या रांगेत बसलेली असते, मीही वाजवते.